कुंभारगल्लीचा वार

कचराकुंडी 'धन्यवाद' म्हणाली आणि सभागृहात टाळ्या पडल्या.

ती कुंडी इंजिनिअरिंग कॉलेजच्या चार मुलांनी बनवली होती. समोर हात हलवला की झाकण आपोआप उघडायचं, आणि कागदाचा बोळा आत पडला की एका मुलीच्या गोड आवाजात 'धन्यवाद' ऐकू यायचं. माझ्या उजव्या हाताला बसलेले शिंगटे अण्णा खुर्चीतून निम्मे उठून टाळ्या वाजवत होते. अण्णा आमच्या साळशिंगीच्या पतसंस्थेचे चेअरमन, आणि ते कॉलेज त्यांच्या साडूंचं. डाव्या हाताला नगराध्यक्षा शैलजाताई घोरपडे होत्या. मधे मी, अविनाश खटावकर, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या खटावकर गारमेंट्सचा मालक आणि व्यापारी मंडळाचा सेक्रेटरी. आम्ही तिघं परीक्षक. तिघांच्याही खांद्यावर नुकत्याच पांघरलेल्या शाली होत्या, मे महिना होता, आणि पंखा फक्त अण्णांच्या डोक्यावर फिरत होता.

त्या रविवारला आता चौदा वर्षं झाली. नगरपालिका आणि व्यापारी मंडळानं मिळून 'आपली अडचण, आपला तोडगा' अशी स्पर्धा ठेवली होती. गावातल्या कुणीही यावं, एक अडचण सांगावी, तिच्यावरचा उपाय दहा मिनिटांत पटवून द्यावा. बक्षीस रोख नव्हतं. पहिला येईल त्याची कल्पना नगरपालिका एक वर्ष राबवणार, असा ठरावच ताईंनी करून घेतला होता. कल्पना चांगली होती. माझीच होती, म्हणून नाही म्हणत.

पण आता सांगायला हरकत नाही, पहिला नंबर आधीच ठरला होता. रविवारी छापखाना बंद असतो, म्हणून प्रमाणपत्रं शनिवारीच नावासकट छापून आणली होती. बातमी तर शुक्रवारीच पेपरात पोचली होती. 'अटीतटीच्या लढतीनंतर परीक्षकांनी एकमताने बोलक्या कचराकुंडीची निवड केली' हे वाक्य माझ्या हातचं. यात आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं. गावात कार्यक्रम असेच व्हायचे. अध्यक्षीय भाषण आदल्या दिवशी पेपरात जायचं आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्ष ते जमेल तितकं करायचे. स्पर्धा झाली की माझ्या घरी आमरसाचं जेवण होतं. माझं अर्धं लक्ष तिकडेच होतं.

सहावं नाव पुकारलं गेलं आणि मी दचकलो. "सौ. सुनंदा लोंढे, कुंभारगल्ली."

सुनंदा माझ्या कंपनीत ओव्हरलॉक मशिनवर होती. हात असा की तिच्या शिवणीवर बोट ठेवायला जागा नसायची. पण खाडे फार. महिन्याला चार-पाच ठरलेले. आदल्याच दिवशी, शनिवारी, तिला केबिनमधे बोलावून मी सुनावलं होतं. जूनच्या ऑर्डरी तोंडावर आल्या होत्या, माझं डोकं तापलेलं होतं.

"आता एक खाडा झाला की घरीच बसायचं," मी म्हणालो होतो. "सोमवारी आठच्या ठोक्याला मशिनवर नसशील तर येऊच नकोस."

"साहेब, सोमवारी आमच्या गल्लीचा..."

"घरच्या अडचणी घरी ठेवायच्या," मी तिला तोडलं होतं. हे माझं आवडतं वाक्य. कंपनीत ते सगळ्यांना पाठ होतं.

आणि आता ती समोर व्यासपीठावर येत होती. काखेत कॅलेंडरांची गुंडाळी, मागे पाणी सोडणारे बापू मुळीक. बापूंना गावात ओळखत नाही असं कुणी नव्हतं. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी टाकून ते गावभर फिरायचे, रस्त्यातल्या खड्ड्यात ती घालून व्हॉल्व फिरवायचे, आणि मग त्या गल्लीला पाणी यायचं. आज चावी नव्हती, त्यामुळे बापूंना हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

सुनंदानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. नमस्कार केला आणि माइक नको म्हणून बाजूला सारला. ताईंनी तो परत तिच्यासमोर ठेवला.

"माझी अडचण पाण्याची हाय," ती म्हणाली. सभागृहात थोडी कुजबुज झाली. पाण्याची अडचण गावात कुणाला नव्हती?

"पाणी कमी येतं, असं मी म्हणत न्हाई," ती म्हणाली. "एक दिवसाआड येतं. तेवढं पुरतं. पण कधी येतं, ते कुणाला ठावं नसतं."

तिनं कॅलेंडरची पानं उलगडली. आपल्याकडे घराघरात भिंतीवर असतात तीच, दुधाचे खाडे मांडायची. मागच्या वर्षाची बारा पानं तिनं टेबलावर आमच्यासमोर पसरली. दुधाच्या खुणांशेजारी प्रत्येक पाणीवाराच्या चौकोनात निळ्या पेनानं बारीक लिहिलं होतं. सकाळी सात. दुपारी दोन. साडेअकरा. आलंच न्हाई. सकाळी सहा. दुपारी तीन.

"घरात सासूबाई अंथरुणावर असतात. मालक ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. पाण्याच्या वेळी कुणी घरी नसलं तर दोन दिवस घागर कोरडी. म्हणून वाट बघत बसायचं. आमच्या गल्लीत एकवीस बायका कामाला जातात, कोण कंपनीत, कोण धुणीभांड्याला, कोण शाळेत भात शिजवायला. एकवीसच्या एकवीस वाट बघत बसतात."

अण्णा माझ्या कानाशी आले. "लई पाल्हाळ लावतीय."

मी मान डोलावली. पण माझे डोळे त्या पानांवर होते. काही चौकोनांत निळ्या वेळेखाली लाल फुली होती. साडेअकरा, खाली फुली. दुपारी दोन, फुली. जानेवारीच्या नऊ तारखेची फुली मला चांगली आठवत होती. त्या दिवशी एका शाळेचा माल अडकला होता आणि मी तिला सगळ्यांसमोर बोललो होतो. त्या फुल्या काय होत्या ते त्या सभागृहात फक्त तिला आणि मला कळत होतं.

"उपाय काय सुचवता?" ताईंनी विचारलं.

"बापूंनी वेळ ठरवावी आणि गल्लीच्या तोंडाला फळ्यावर लिहावी. बास. पैसा लागत न्हाई, यंत्र लागत न्हाई."

"मग आजवर का ठरवली नाही?" ताई बापूंकडे वळल्या. "बापू, तुम्ही पंचवीस वर्षं हेच काम करताय."

बापूंनी घसा खाकरला. "ठरवतो की ताई. रोज सकाळी ठरवतो." ते थांबले. "मग फोन येतात."

"कुणाचे?"

सुनंदानं टेबलावरची पानं सारखी केली. बापूंची नजर आधी छताकडे गेली, मग पायाशी आली. मला एकाएकी फार गरम व्हायला लागलं आणि मी शाल काढून ठेवली.

तेवढ्यात बापूंच्या खिशातून एक तान्हं बाळ खदखदून हसायला लागलं.

त्या काळात ती रिंगटोन गावात निम्म्या लोकांकडे होती. बापू खिसे चाचपायला लागले. फोन निघाला, पण बंद होईना. बाळ हसतंय, सभागृह हसतंय, बापू घामाघूम.

"घ्या, बापू," ताई हसत म्हणाल्या. "कामाचा असेल."

ताईंचा शब्द बापूंनी कधी मोडला नव्हता. त्यांनी फोन घेतला. बापूंना कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर असायचा. आणि ते उभे होते माइकला चिकटून.

"बापू, मी खटावकर वहिनी बोलतेय," माझ्या बायकोचा आवाज सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतून आला. "अहो, आज साहेबांकडे पाहुणे आहेत जेवायला. टाकी तळाला गेलीये. खालच्या गल्ल्यांचं थोडं मागं ठेवा आणि आधी आमच्याकडे सोडा. नेहमीसारखं."

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. तीनशे माणसांनी माझ्याकडे पाहिलं.

"व्हय वहिनी," बापू म्हणाले. "पण मी आत्ता सभेत हाय."

"कसली सभा?"

"साहेबांचीच."

पुढं सभागृहात जे झालं ते सांगायला नको. कॉलेजची मुलं तर बाकांवर लोळत होती. एकटी सुनंदा हसत नव्हती. ती आपली पानं एकेक करून गुंडाळत होती, कोपरे नीट जुळवून.

आम्ही परीक्षक निकालासाठी मागच्या खोलीत गेलो. दार लावल्याबरोबर अण्णा म्हणाले, "बाई तुझ्याच कंपनीतली. तुझ्याच ताटात जेवून तुझ्याच अंगावर आली. ते जाऊ दे. प्रमाणपत्रं तयार आहेत, सह्या करू आणि जेवायला जाऊ."

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. मला राग आला होता. बायकोचा आवाज चव्हाट्यावर यावा, आणि तोही मी परीक्षकाच्या खुर्चीत बसलेला असताना. पेनाचं टोपण काढलं, पण सही करायला हात पुढं जाईना. पाणी पिऊन येतो म्हणून मी बाहेर पडलो.

बाहेरच्या व्हरांड्यात सुनंदा बाकावर बसली होती. मला पाहून उठली.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. "असं चारचौघांत..."

"सांगितलं होतं की साहेब. तीनदा." ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही म्हणाला, घरच्या अडचणी घरी ठेवायच्या. म्हणून मी हितं आणली."

मी व्हरांड्याच्या कठड्याला टेकलो.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. "एका फोननं एवढं होतं, हे मला खरंच माहीत नव्हतं."

"ते मलाबी पटतं. वहिनी तरी काय करतील, टाकी रिकामी असल्यावर." मग तिनं खाली बघत विचारलं, "उद्या आमचा वार हाय साहेब. पाणी सकाळी लवकर आलं तर मी आठला हाय. न्हाई आलं तर तुम्ही शनिवारी सांगितलंय तसं. एवढंच विचारायचं हुतं, ते शनिवारचं अजून तसंच हाय का?"

तिनं ते इतक्या सरळपणे विचारलं की मला लाज वाटली. एवढी चांगली बाई मी कामावरून काढणार होतो, तीही माझ्याच आमरसाच्या पंगतीपायी. असल्या पंगती माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी व्हायच्या.

"शनिवारचं विसर," मी म्हणालो आणि आत गेलो.

आत ताई कचराकुंडीचं प्रमाणपत्र हातात घेऊन बसल्या होत्या.

"माझं मत सुनंदा लोंढेला," मी म्हणालो.

"डोकं फिरलंय का तुझं?" अण्णा म्हणाले. "उद्या गावात काय म्हणतील? खटावकरानं कामवाल्या बाईसमोर मान टाकली म्हणतील."

"म्हणू देत."

"आणि बातमी? बातमी गेलीय."

"जाऊ दे."

अण्णांनी ताईंकडे आशेनं पाहिलं. ताईंनी हातातलं प्रमाणपत्र खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "अण्णा, बापूंना सगळ्यात जास्त फोन माझ्या घरून जातात. नगराध्यक्षांचं घर म्हणून. माझं मतही तिलाच."

"मी मात्र फोन करत नाही," अण्णा म्हणाले. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो. "म्हणजे सणावाराला करतो," ते म्हणाले. आणखी जरा वेळानं, "आणि नातू आले की." मग त्यांनी हात झटकला. "करा काय करायचं ते. साडूला मी काय तोंड दाखवू, तेवढं कुणीतरी सांगा."

प्रमाणपत्रावर दुसरं नाव कसं घालायचं हा प्रश्न होता. ताईंनी पांढऱ्या कागदाची पट्टी कापली, कॉलेजच्या नावावर डकवली आणि वर स्वतःच्या अक्षरात 'सौ. सुनंदा लोंढे' लिहिलं. जवळून पाहिलं तर खालची छपाई दिसत होती. बातमी मात्र दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी आली. पेपराच्या लेखी आजही ती बोलकी कचराकुंडीच पहिली आहे.

निकाल ताईंनीच जाहीर केला. सुनंदाला दोन-तीनदा बोलवावं लागलं, तिला वाटलं नाव चुकून घेतलं. ताईंनी तिला प्रमाणपत्र दिलं, मी काढून ठेवलेली शाल तिच्या खांद्यावर घातली आणि मग बापूंपुढे हात केला.

"बापू, तुमचा फोन."

"जी?"

"ड्युटीच्या वेळेत हा आता माझ्या टेबलाच्या खणात राहील. वर्षभर. घरी जाताना रोज घेऊन जायचा."

बापूंनी फोन इतक्या आनंदानं काढून दिला की पुढच्या रांगेतले लोक पुन्हा हसले. पंचवीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"आणि उद्या कुंभारगल्लीचा वार आहे ना?" ताईंनी विचारलं. "किती वाजता सोडाल?"

बापूंनी विचार केला. सभागृह शांत झालं होतं. सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, कुंभारगल्लीच्या बायका उभ्या होत्या. सुनंदाबरोबर आल्या होत्या, पण खुर्च्या रिकाम्या असूनही बसल्या नव्हत्या.

"साडेसहा," बापू म्हणाले.

मागच्या ओळीत एका म्हातारीला ऐकू आलं नाही. तिनं शेजारणीला विचारलं. शेजारीण म्हणाली, "साडेसहा म्हणत्यात." तिच्याकडून पलीकडच्या बाईनं ऐकलं आणि तिनं पुढचीला सांगितलं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते दोन शब्द असे हलक्या आवाजात गेले. माझे आजवर पुष्कळ सत्कार झाले, पण तो आवाज मला अजून आवडतो.

घरी पाहुणे जेवले. हात धुवायला तांब्या आणि पिंप होतं, तेही शेजारून आणलेलं. विजयाला, माझ्या बायकोला, तोवर सगळं कळलं होतं. आमरस वाढताना ती अण्णांना म्हणाली, "माझा आवाज माइकवर चांगला येतो म्हणे. पुढच्या वर्षी मला सूत्रसंचालन द्या." ती रागावली होती, पण माझ्यावर. बापूंना तिनं दुसऱ्या दिवशी वाटीभर रस पाठवला.

मी सोमवारी पहाटे उठलो. फिरायला जातो म्हणून निघालो आणि स्कूटर कुंभारगल्लीच्या तोंडाशी लावली. पंचवीस वर्षं माझ्या कंपनीला बायका देणाऱ्या त्या गल्लीत मी पहिल्यांदाच आलो होतो. दारोदार नळाखाली कळश्या लागल्या होत्या. बायका उंबऱ्यावर बसल्या होत्या, केस विंचरून, कामाच्या साड्या नेसून, डबे भरून. सुनंदा दारातच होती. मला पाहून तिनं पदर सारखा केला.

"साहेब, तुम्ही?"

"सहज आलो," मी म्हणालो.

साडेसहा वाजले. नळ कोरडे. सहा पस्तीस झाले. आतून सासूबाईंनी विचारलं, "आलं का गं?" सुनंदा म्हणाली, "येतंय, आत्या." सहा चाळीस. एका बाईनं कळशी उचलली आणि पुन्हा ठेवली. आज पाणी आलं नाही तर या बायका पुन्हा कधी कुणावर विश्वास ठेवणार नाहीत असं मला वाटलं. या गडबडीत माझा हात कधी खिशात गेला, फोन कधी निघाला आणि बापूंचं नाव कधी शोधायला लागला, मला कळलंच नाही.

"साहेब," सुनंदा म्हणाली. "फोन करायचा न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. लहान पोराला विस्तवापासून लांब हो म्हणावं, तशी म्हणाली. माझ्याशी बोलताना ती कायम खाली बघायची, आता नीट माझ्याकडे बघत होती. मी फोन खिशात ठेवला. ताईंच्या खणात तो वाजणार होता, हे तर मी विसरलोच होतो. मग मीही बाकीच्यांसारखा गप्प उभा राहिलो. काहीही न करता नुसती वाट बघणं किती अवघड असतं ते मला त्या तीन-चार मिनिटांत कळलं.

सहा चव्वेचाळीसला पहिल्या नळानं हवा सोडली. मग दुसऱ्यानं. मग गल्लीच्या त्या टोकापर्यंत पाण्याचा आवाज पसरत गेला आणि बायका उठल्या. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही, सगळ्या कामाला लागल्या. माझे डोळे भरून आले, आणि ते कुणी बघायच्या आत मी स्कूटरकडे वळलो.

सुनंदानं भरलेली कळशी बाजूला केली, दुसरी लावली आणि मान वर न करता म्हणाली, "आता तुम्ही व्हा पुढं, साहेब. शटर उघडायचं असंल. मी आठला हाय."

मी निमूटपणे निघालो.